मामांच्या संगणकातलं जिंतूर

आमच्या हिच्या मामांइतका परभणी जिल्हा कुणी पालथा घातला नसेल, आणि तोही गंगाखेडच्या घरातल्या खुर्चीवरून न उठता. शाळेतून निवृत्त झाल्यावर मामा ईमेल शिकले. सगळ्या नातलगांची पत्रं एकाच ढिगात पडलेली पाहून ते कळवळले. मग त्यांनी प्रत्येक गावाचा एकेक फोल्डर केला आणि कुणाचं पत्र कुठल्या गावात आपोआप जाऊन पडावं, हे संगणकाला नेमून दिलं. तेव्हापासून सकाळचा चहा झाला की मामा फिरायला निघतात. मी कधी गेलो की म्हणतात, “बसा जावईबापू, मी पालमला जायलोय, आलोच.” पालम उघडलं की डोळे अर्धवट मिटतात. नवं काही नसलं तरी ते लगेच परतत नाहीत. ज्वारीच्या रानावरून वारा येतोय, एसटीतून कुणी ओळखीचं उतरतंय, असं काहीतरी त्यांना दिसत असावं. आतून मामी ओरडतात, “पोहे गार व्हायलेत!” तर हे म्हणतात, “निघालो बग सेलूहून.” एका भाच्याची सेलूहून पाथरीला बदली झाली, तेव्हा मामांनी त्याला फोन करून विचारलं, “सामान पोचलं का? मी तर तुला कवाच हलवलं.”

मागच्या उन्हाळ्यात त्यांची एकुलती एक लेक जिंतूरला दिली. पाठवणी करून मामा घरी आले, फेटाही न सोडता संगणकापुढं बसले आणि तिची सगळी जुनी पत्रं गंगाखेडातून उचलून जिंतूरला पोचवून आले. फोनवर या बापलेकीचं बोलणं ‘जेवलीस का’च्या पुढं कधी गेलं नाही, मनातलं ती होस्टेलात असल्यापासून लिहूनच कळवायची. पण लग्नानंतर जिंतूरला तिचं एकही पत्र येईना. मामा घटकेघटकेला तिथं जाऊन येऊ लागले. पोह्यांकडं तर बघेनातच. “लेकरू रमलं तिकडं. चांगलंच हाय की,” असं म्हणून ते चष्मा पुसत बसले, तेव्हा मला फार वाईट वाटलं.

परवा मी सहज विचारलं, “मामा, गंगाखेड बघितलं का?”

“घरातल्या घरात कोण पत्र टाकतंय, जावईबापू?” ते हसले. तरी माझ्या आग्रहाखातर त्यांनी गंगाखेड उघडलं. लेकीची लग्नानंतरची सगळी पत्रं तिथं होती, एकही उघडलेलं नव्हतं. मामांनी लेक हलवली होती, पण तिची नवी पत्रं कुठं टाकायची, हे संगणकाला सांगायचं राहिलं होतं. मामा एकेक पत्र वाचत गेले. शेवटच्यात तिनं विचारलं होतं, ‘बाबा, माझ्यावर रागावलात का?’

सूचना बदलून द्यावी म्हणून मी माऊसला हात घातला, तर मामांनी तो हळूच बाजूला सारला. “ऱ्हाऊ द्या. तिला इथंच येऊ द्या.”

मग त्यांनी एका बोटानं उत्तर लिहायला घेतलं. बराच वेळ अक्षरं शोधून त्यांनी एवढंच लिहिलं : ‘बाळा, मी घरी नव्हतो गं. आज आलो.’