इम्तियाजच्या चौसष्ट एमबीचं काय झालं

इम्तियाजचं ग्राफिक्स कार्ड माझ्या कार्डापेक्षा स्लो आहे, हे मला त्याच्या जिवंतपणी सिद्ध करता आलं नाही.

आज त्याला जाऊन वर्ष झालं.

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी: रत्नागिरीत राजिवड्याला घर, कॉलेजपासूनचा माझा मित्र. नंतर दोह्याला नोकरी. माणूस अतिशय हट्टी.

साल २००१. माझ्या मामाने मुंबईहून कार्ड आणलं. बत्तीस एमबी, पण डीडीआर, म्हणजे जास्त वेगाची मेमरी. खोक्यावर सगळं छापलेलं, क्लॉक स्पीडसकट. मी ते खोकं शोकेसमध्ये ठेवलं होतं. आई रोज पुसायची आणि रोज बडबडायची.

त्याच महिन्यात इम्तियाजचे अब्बा, म्हणजे माझे चाचा, कुवेतहून सुट्टीवर आले. तिथे ते ड्रायव्हर होते. दुकानात जाऊन त्यांनी एकच सांगितलं, सगळ्यात जास्त एमबीचं द्या.

चौसष्ट मिळालं.

फक्त खोकं नव्हतं. बॅगेचं वजन वाढतं म्हणून चाचांनी खोकं, माहितीपत्रक, सीडी, सगळं तिथेच टाकलं आणि त्या जागी खजूर भरले. गल्फहून येणारा प्रत्येक जण असंच करतो. अत्तर असो नाहीतर इस्त्री, खोकं तिकडेच राहतं.

त्यामुळे कॉम्प्युटर चालू करताना स्क्रीनवर "६४ एमबी" दिसायचं, तेवढंच आम्हाला त्या कार्डाबद्दल कळलं. बाकी स्पीड किती, मेमरी कुठली, देव जाणे. कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, त्यालाही ड्रायव्हरच म्हणतात, ते शोधायला आम्ही सायबर कॅफेत अख्खी संध्याकाळ घालवली.

मग वाद सुरू झाला.

मी म्हणायचो, तुझं गोदाम मोठं आहे पण दार अरुंद. माल बाहेरच येत नाही. तो म्हणायचा, तुझं दार मोठं, पण आत ठेवायला आहे काय?

शेवटी एका रविवारी दुपारी मी माझं कार्ड जेवणाच्या डब्यात घालून त्याच्याकडे गेलो. एकच मशीन, एकच गाड्यांचा गेम, दोन्ही कार्डं आळीपाळीने. सेकंदाला किती फ्रेम येतात ते बघायचं आणि निकाल लावायचा.

आम्ही कॅबिनेट उघडतोय तोच चाचा खुर्ची घेऊन आले. चहाचा कप हातात. आपण आणलेली वस्तू किती भारी आहे ते बघायला आले होते बिचारे.

इम्तियाजने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग सेटिंगमध्ये जाऊन चित्र अगदी लहान केलं आणि व्हीसिंक ऑन केलं.

व्हीसिंक म्हणजे मॉनिटर सेकंदाला जेवढ्या फ्रेम दाखवू शकतो, त्याच्या वर कार्डाला जाऊच द्यायचं नाही. त्याचा मॉनिटर साठचा होता, आणि एवढ्या लहान चित्रावर दोन्ही कार्डं साठ सहज गाठणार होती.

माझं कार्ड: साठ.
त्याचं कार्ड: साठ.

"कोनाचा भारी हाय?" चाचांनी विचारलं.

"दोनी सारखेच हायत, अब्बा."

चाचा खूश. आत जाऊन अम्मीला सांगून आले, मुंबईच्या मालाला तोडीस तोड आणलंय म्हणून.

मी हळूच म्हटलं, आता ते गेलेत, खरी टेस्ट कर. तो नाही म्हणाला.

"मला एकदा कळला ना, तर अब्बा माजा तोंड बगूनच ओळकतील. अब्बा हायत तवर नको."

आणि तो शब्द त्याने पाळला. मीही पाळला.

टेस्ट नाही, पण वाद चालूच. दोघांची लग्नं झाली, ती कार्डं भंगारात जायच्या लायकीची झाली, तरी ईदच्या दिवशी दोह्याहून फोन आला की ईद मुबारकच्या आधी मी विचारायचो, "काय रे, दार रुंद झालं का?"

दुसऱ्या कोणालाही यात काय मजा आहे ते कळायचं नाही. माझ्या बायकोला तर अजिबात नाही.

मग चाचा गेले. इम्तियाज चाळिसाव्या दिवसाच्या विधीला आला होता. मांडवीच्या बंदरावर आम्ही बराच वेळ बसलो. निघताना तोच म्हणाला, पुढच्या सुट्टीत टेस्टला बसू, आता हरकत नाही.

पुढची सुट्टी आलीच नाही. दोह्यातच, कामावर असताना, हार्ट अटॅक. दफनही तिथेच झालं. फुलं ठेवायला मला इथे जागासुद्धा नाही.

गेल्या आठवड्यात त्याच्या घरी गेलो होतो. भाभींनी कपाटातून कार्ड काढून माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, याचं काय करायचं ते तुम्हालाच माहीत.

जुनं मशीन जोडलं. डबा मॉनिटर मिळवला.

व्हीसिंक ऑफ.

साध्या सेटिंगवर माझं कार्ड नव्वद, त्याचं सत्तर. मी जिंकलो होतो. मला अजिबात आनंद झाला नाही.

मग चित्र मोठं केलं, रस्ते, झाडं, सगळं उत्तम क्वालिटीवर टाकलं. माझ्या बत्तीस एमबीत ते मावेना. गाडी धक्के खात बाविसावर आली.

त्याच्या कार्डावर एकतीस. सुरळीत.

म्हणजे दोघंही बरोबर होतो. इम्तियाज, आपण त्या रविवारी खरी टेस्ट केली असती ना, तरी भांडण मिटलं नसतं. साधी सेटिंग खरी की मोठी, यावर म्हातारे होईपर्यंत भांडलो असतो. एवढा मोठा वाद शिल्लक होता आपल्याकडे.

तुला फोन लावायला मोबाइल हातात घेतला होता मी. नंबर अजून तसाच आहे.

परवापासून माझी बाजू मीच मांडतोय आणि तुझीही मीच. तुझी मला नीट मांडता येत नाही रे.

सलाम घे, मित्रा. चाचांनाही सांग.