पदराखालचं गोंदण

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. चौथीनंतर शाळा सुटली. नोकरीतही लिहिण्याचं काम जमादारांकडे असे, मी खाली सही करायची एवढंच. चुका दिसल्या तर माफ करावं. नाव कोणाचंच लिहिणार नाही. पण जत्रेतला तो दिवस इतक्या वर्षांनीही मनातून जात नाही, म्हणून लिहून ठेवते.

तेव्हा तेलंगणा वेगळं झालं नव्हतं, आंध्र प्रदेशच होता. मी आदिलाबाद जिल्ह्यात होमगार्ड होते. उटनूरच्या पलीकडे जंगलातल्या एका गावी गोंडांच्या एका कुळाची जत्रा भरे. बायकांच्या रांगा, झडती, हरवलेली मुलं ही कामं बाईशिवाय होत नसत, म्हणून दरवर्षी मला बंदोबस्ताला नेत. तिथलं ठाणं म्हणजे एक तंबू, एक टेबल आणि एक भोंगा.

त्या कुळात लग्न होऊन आलेल्या नव्या सुनेला जत्रेत देवाच्या भेटीला नेतात. पांढरं लुगडं, अनवाणी पाय आणि हनुवटीच्या खाली येईल असा पदर. भेट होईपर्यंत जत्रेत तिचं तोंड कोणी पाहायचं नाही. भेट झाली की ती कुळाची. तोवर देवाच्या कामाला तिचा हात लागत नाही, आणि भेट हुकली तर पुढच्या जत्रेपर्यंत थांबायचं. पूर्वी तिथं त्यांचीच माणसं येत. मग रस्ता झाला, बस आली, शहरातले लोक गळ्यात कॅमेरे घालून येऊ लागले. दुकानं वाढली, धंदा वाढला. आमचं कामही वाढलं.

त्या दिवशी ऊन उतरत होतं. एकजण तंबूत धावत आला.

"साहेब, चला! बांगडीवाल्याले मारून राह्यले!"

आम्ही पोचलो तेव्हा पायाखाली हिरव्या-लाल काचा कुरकुरत होत्या. बांगडीवाला म्हणजे आदिलाबादचा म्हातारा मुसलमान. सगळे त्याला चाचा म्हणत. कित्येक वर्षं तो मोहाच्या एकाच झाडाखाली बसायचा. एका बाईनं त्याची कॉलर धरली होती.

"माही सून कुठं घातली, सांग! काऊन बोलत नाहीस?"

ती सासू. सुनेला बांगड्या भरायला बसवून ती पाणी आणायला गेली. परत आली तर सून नाही. तेवढ्यात शहरातला एक पाहुणा, कॅमेरेवाला, तिला म्हणाला की हा बुढ्ढा त्या मुलीचा हात ओढत होता. झालं. सासूनं चाचाची पाटी उलटी केली, आणि मग आणखी हात उठले.

एस.आय. साहेबांनी चाचाला तंबूत आणलं. चौकशीसाठी आणलं तसंच जीव वाचवायलाही. साहेब तेलुगू माणूस, चौकशी हिंदीत चाले.

"हाथ क्यों खींचा?"

"साहब, हात पकडे बिना चूडी कैसे पहनाऊँ?" चाचाच्या ओठातून रक्त येत होतं. "मैंने हात ही देखा. मुँह तो पल्लू में था. एक हात भरा, फिर वो सास के पीछे कुएँ की तरफ गयी."

जमादारांनी भोंग्यावरून तिचं नाव पुकारलं, पण लोकांनी तिला ओळखायचं कशावरून? त्या दिवशी सगळ्याच नव्या सुना पांढऱ्या लुगड्यात. सासू माझा हात धरून बसली. "बाई, भेट सुरू व्हाची वेळ झाली. हुकली तर घरचे लोक मलेच म्हणतीन, तुले सून सांभाळता नाही आली. अन् पोरगीच नाही सापडली तर तिच्या मायले काय तोंड दाखवू?"

मग कॅमेरेवाल्याची जबानी सुरू झाली. साफ कपडे, साफ बोलणं. साहेबांनी त्याला खुर्ची दिली. चाचा खाली मातीत बसला होता.

"वही लड़की थी, कैसे मालूम?"

"वही थी साहब. माथे पर तीन बिंदी का गोदना था."

"हो, हो! माह्याच सुनेचं गोंदण ते!" सासू म्हणाली. जमादारांनी लिहून घेतलं. ओळख पटली म्हणून सगळ्यांना बरं वाटलं.

मी दाराशी उभी होते. साहेबांसमोर बोलायची मला सवय नव्हती. पण डोक्यात काहीतरी अडकलं. हात हातात घेऊन बसलेल्या चाचाला कपाळ दिसलं नाही, आणि लांबून पाहणाऱ्याला दिसलं? मी हळूच जमादारांच्या कानाशी गेले.

"माझ्या कानात काय सांगतेस? मी काय देव आहे नवस बोलायला? साहेबांना सांग."

सांगितलं. हिंदी मोडकी होती, पण साहेबांना कळलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"मुँह ढका था. गोदना कब देखा?"

तो कॅमेऱ्याचा पट्टा बोटाला गुंडाळू लागला. म्हणाला, वाऱ्यानं पदर उडाला असेल.

"वाऱ्यानं?" सासू उठून उभी राहिली. "पदर म्या माह्या हातानं खोचला होता. वादळ आलं तरी उडत नाही!"

त्यानंतर फार विचारावं लागलं नाही. विहिरीच्या वाटेवर त्यानं तिला गाठलं. फोटो पाहिजे म्हणाला. तिनं मान खाली घातली, तर यानं पदर वर केला आणि फोटो काढला. ती ओरडली आणि जिथं बैलगाड्या सोडल्या होत्या तिकडे पळाली. हा घाबरला. परत येताना सासू शोधताना दिसली, तेव्हा यानं चाचाकडे बोट दाखवलं.

सून एका गाडीखाली कडब्याच्या आड सापडली. पदर दोन्ही मुठींत घट्ट धरलेला. मी बाजूला बसले.

"चाल बाई, सासू रडून राह्यली."

"नाही येत. मले देवापुढं नाही जाता येत आता. देवाच्या आधी त्या डब्यानं पाह्यलं मले."

मी बौद्ध घरातली. त्यांच्या देवाबद्दल मी काय सांगणार? खोटा धीर द्यायचा मला हक्क नव्हता. मी कुळातल्या एका म्हाताऱ्या आत्याला घेऊन आले. कुळाच्या लेकींचा शब्द तिथं मोठा असतो. आत्या कण्हत कण्हत खाली बसली.

"पाह्यलं तं पाह्यलं. तो डब्बा तुले भात वाढीन काय? कुळात घेईन काय? देव पदराखालूनच पाहते, पोरी. ऊठ आता, माहे गुडघे दुखून राह्यले."

पदराआड ती हसली की रडली, मला कळलं नाही. पण उठली. भेटीच्या रांगेत ती सगळ्यांत शेवटी होती. मी काठी आडवी धरून तिच्या बाजूनं चालले.

कॅमेरेवाल्यावर गुन्हा दाखल झाला. साहेबांनी सासूसमोर त्याच्या कॅमेऱ्यातला रोल उजेडात ओढून काढला, सगळे फोटो जळाले. तो म्हणाला, "साहब, इसमें मेरी पूरी जत्रा है."

"उसकी भी पूरी जत्रा थी," साहेब म्हणाले.

चाचा काचांमधून न फुटलेल्या बांगड्या वेचत होता. सासू त्याच्यापुढे येऊन उभी राहिली.

"चाचा, म्या फोडल्या. म्या भरीन."

"छोडो बहन."

"सोडत नाही."

पुढच्या जत्रेला चाचा आला नाही. सासूनं पदराच्या गाठीतले पैसे माझ्याजवळ दिले, मी आदिलाबादला त्याच्या घरी पोचवले. त्यानंतरच्या वर्षी तो आला, पण मोहाच्या झाडाखाली बसला नाही. आमच्या तंबूला चिकटून बसला. ते पाहून मला जास्त वाईट वाटलं.

त्या प्रकरणानं मला एक शिकवलं. साक्षीदारानं काय पाहिलं हे विचारण्याआधी, ते त्याला दिसलं कसं, हे विचारावं. आणि जत्रेत सगळे एकत्र येतात असं आपण म्हणतो, पण गडबड झाली की दरवर्षी येणारा म्हातारा क्षणात परका होतो, आणि काल आलेल्या साफ कपड्यातल्या माणसाचं बोलणं खरं वाटतं. सासूलाही वाटलं, साहेबांनाही. खुर्ची कोणाला मिळते ते तेव्हापासून मी आधी बघू लागले.

सासू दर जत्रेला थोडे थोडे पैसे देत राहिली. एका वर्षी चाचा पुन्हा मोहाखाली बसलेला दिसला. सासू आली, मागून सून, उघड्या चेहऱ्यानं, कडेवर मुलगी. सासूनं उरलेले सगळे पैसे त्याच्या हातावर ठेवले. चाचानं न मोजता खिशात टाकले आणि छोटी हिरवी बांगडी उचलली. पोरीच्या हाताकडे त्याचा हात गेला आणि मध्येच थांबला. त्यानं सासूकडे पाहिलं.

सासूनं स्वतः नातीचा हात धरून त्याच्या हातात दिला.

"हिसाब पूरा हुआ, बहन," चाचा म्हणाला.