हत्तरकी आण्णांचा नंबर

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. दूधवाल्यानं मापापेक्षा जास्त दूध घातलं, तर आज यानं पाणी किती मिसळलंय असा प्रश्न पडणारा मी माणूस. कोल्हापूरच्या एका सायंदैनिकात चौदा वर्षं सिनेमाचं पान माझ्याकडे होतं, आणि ऑफिसात सगळे मला पाठीमागे सीआयडी म्हणायचे. मला ते आवडायचं. आज त्या नावाची लाज वाटते, आणि ती का वाटते हे सांगायचं तर शिवशरण हत्तरकींबद्दल सांगावं लागेल.

हत्तरकी मूळचे गडहिंग्लजच्या पलीकडचे. घरात बायकोशी, म्हणजे बसम्मांशी, कन्नड बोलायचे आणि बाजारात मराठी. राहायला उचगावला, आणि नोकरी मार्केट यार्डात एका गुळाच्या आडत दुकानात. लोक त्यांना आण्णा म्हणत. सौद्याला आलेल्या गुळाला नंबर लावणं हे त्यांचं काम. गुळाच्या रव्याचा, म्हणजे ढेपेचा, सुरीनं टवका काढायचा, उजेडात धरायचा, जिभेवर ठेवायचा आणि सांगायचं, एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. ते सांगतील तो भाव ठरायचा. माल आणणारा शेतकरी त्यांच्या तोंडाकडे बघत उभा असायचा, आणि माल घेणारा व्यापारीही. दोघांचाही त्यांच्यावर विश्वास होता, कारण त्यांचा स्वतःचा कशावरच नव्हता. गूळ फार पिवळाधमक दिसला की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. हायड्रॉसची पावडर टाकली की गूळ सोन्यासारखा दिसतो, हे त्यांना माहीत होतं.

ते सिनेमावर लिहायला लागले ते भांडणातून. १९९१ साली आमच्या पेपरात मुंबईहून मागवलेलं एक परीक्षण छापलं होतं. त्यावर त्यांचं पोस्टकार्ड आलं, 'या समीक्षकांनी सिनेमा पाहिलेला नाही, पोस्टर पाहिलेलं आहे.' संपादक गणपतरावांना ते इतकं आवडलं की त्यांनी हत्तरकींना बोलावूनच घेतलं.

"तुमी स्टार देतासा, तसलं मला जमायचं न्हाई," हत्तरकी म्हणाले. "मी नंबर लावणार. एक, दोन, तीन. गुळागत."

"आणि चौथा?" मी चिडवण्यासाठी विचारलं.

"चौथा जनावरांस्नी घालत्यात."

दर शुक्रवारी सौदा आटोपला की तिनाचा शो, आणि शनिवारी संध्याकाळी पेपरात नंबर, असा नेम सुरू झाला. अर्धं पोस्टकार्ड भरेल एवढंच लिहायचे. एका नागिणीच्या सिनेमाला लिहिलं, 'नाग बरा आहे. बाकी सगळे फणा काढून बोलतात. तीन नंबर.' परदेशात चित्रित केलेल्या एका गाजलेल्या प्रेमकथेला लिहिलं, 'बर्फ खरा आहे. प्रेमात हायड्रॉस आहे. तीन नंबर.' जुळ्या भावांच्या सिनेमाला, 'एका तिकिटात एकच माणूस दोनदा दिसतो, म्हणून दोन नंबर.' पुण्या-मुंबईच्या समीक्षकांनी नाकं मुरडलेल्या एका गावरान विनोदी सिनेमाला मात्र त्यांनी सरळ एक नंबर लावला, 'माणसं पोट धरून हसली. मी मोजून बघत होतो, पण मध्येच मलाही हसू आलं आणि मोजायचं राहिलं.' शनिवारी संध्याकाळी पानाच्या टपरीवर लोक पेपर उघडायचे आणि आधी विचारायचे, आण्णांनी काय लावलाय?

माझ्या पोटात दुखायला लागलं ते इथून. मी वीस-वीस परीक्षणं वाचून, टिपणं काढून पान लावणारा माणूस, आणि नाव कुणाचं, तर गुळाचा टवका चाखणाऱ्याचं. कुठंतरी पाणी मुरत असणार, असं मी मनाशी घेतलं. एकदा घेतलं की पुरावे आपोआप गोळा होतात. टॉकीजच्या मालकाबरोबर मी त्यांना चहा पिताना पाहिलं, झाला पुरावा. पेपरच्या नावाचा फुकट पास असताना ते तिकीट काढून आत जायचे. मी म्हटलं, चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! पास वापरला असता तर तोही पुरावाच झाला असता, हे तेव्हा सुचलं नाही.

१९९८ च्या उन्हाळ्यात एक कौटुंबिक सिनेमा लागला. मुंबईच्या पेपरांनी त्याला झोडपलं होतं. तेच ते रडगाणं, दीड स्टार, नवं काही नाही. शनिवारी हत्तरकींचा मजकूर आला. आजही मला तो तोंडपाठ आहे. 'मध्यंतरानंतर नायिकेचं मरण दाखवलं आहे, आणि लग्न त्याच्या नंतर. मेलेल्या मुलीवर अक्षता पडताना बायका तोंडात पदर घालून रडत होत्या. असं धाडस आजवर कुणी केलेलं नाही. एक नंबर.'

मी मजकूर छापला आणि सोमवारी स्वतः जाऊन सिनेमा पाहिला. मध्यंतरानंतर थाटात लग्न झालं, पुढं थोड्याच वेळानं नायिका मेली, आणि नवऱ्यानं तिच्या फोटोपुढं दिवा लावला. अगदी मुंबईवाल्यांनी लिहिलं होतं तसं. मरण आधी, लग्न नंतर, असलं काही त्यात नव्हतं. मला इतका आनंद झाला की तो लपवत लपवत मी ऑफिसात आलो.

"हत्तरकी सिनेमा बघतच नाहीत," मी गणपतरावांना म्हणालो. "कुणीतरी सांगतं, हे लिहितात. आणि एक नंबर कशाला लावला असेल, ते तुम्हीच समजा."

"त्यांना विचारलंत का?"

"विचारून काय होणार? नाहीच म्हणणार."

गणपतरावांनी दोन दिवस विचार केला. गुरुवारच्या अंकात आतल्या पानावर दोन ओळी आल्या. शब्द माझे होते. 'गेल्या शनिवारचं परीक्षण चित्रपट न पाहता लिहिलं गेल्याचं दिसतं. वाचकांची क्षमा मागतो.'

हत्तरकी भांडायला येतील म्हणून मी तयारीत बसलो होतो. ते आले नाहीत. शनिवारी टपालानं आमचा पास परत आला, सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. बघा, खाई त्याला खवखवे, असं मी सगळ्या ऑफिसला ऐकवलं.

त्याच आठवड्यात उचगावच्या कुणा झुंबरबाईंचं पोस्टकार्ड आलं. अक्षर वेडंवाकडं. 'शुक्रवारी तीनच्या खेळाला मी आणि माझी जाऊ होतो. हत्तरकींनी लिहिलं तसंच होतं. आधी मरण, मग लगीन.' ते वाचून मला हसू आलं. उचगाव म्हणजे हत्तरकींचंच गाव. त्यांनीच डाव्या हातानं लिहिलं असणार. मी ते फाडून टाकलं.

यार्डात आमचा पेपर सगळे वाचायचे. पुढच्या महिन्यात कळलं की हत्तरकी आता नंबर लावत नाहीत, वजनकाट्याजवळ चिठ्ठ्या लिहीत बसतात. ज्याचा एक नंबर विकला गेला, त्याचा दुसरा कोण मानणार, मी म्हटलं. शेठनं बाजूला केलं असणार, हे मी गृहीतच धरलं. मधल्या काळात मी त्यांना दोनदा पाहिलं आणि दोन्ही वेळा रस्ता ओलांडून पलीकडं गेलो.

२००५ मध्ये, हत्तरकी दर शुक्रवारी जिथं जायचे, ती टॉकीज बंद पडली. शेवटच्या आठवड्यावर लेख लिहायचा म्हणून मी तिथल्या ऑपरेटरला भेटायला गेलो. नबीलाल त्यांचं नाव. तीस वर्षं तिथं मशीन चालवलेलं. केबिनमध्ये त्यांनी मला स्टुलावर बसवलं, चहा मागवला आणि गमती सांगायला लागले.

"एकदा काय झालं पावणं," ते म्हणाले, "एकच प्रिंट आमच्यात आन् पेठ वडगावात, दोन्ही ठिकाणी चालायची. मालकांचा आपसातला कारभार. तिथं एक तास आधी खेळ सुरू व्हायचा. रीळ संपलं की डबा मोटारसायकलवरनं हिकडं. शुक्रवारचा पयला दिवस, तिनाचा खेळ. मध्यंतर झालं, आन् लग्नाचा डबाच न्हाई. गडी शिरोलीजवळ पंक्चर होऊन बसलाय. त्याच्या मागनं निघालेला दुसरा गडी मरणाचा डबा घेऊन पोचला बी."

"मग?"

"मग काय? खाली पब्लिक खुर्च्या बडवाय लागलं. मी म्हटलं, जे हाय ते लावू. मरण लावलं. तवर लग्नाचा डबा आला, ते नंतर लावलं. वाटलं आता थेटर फोडत्यात. तर कोण बोलंचना. बायका नुसत्या रडाय लागल्या. सहाच्या खेळाला परत बरोबर लावलं. मालकाला आजून ठावं न्हाई." आणि ते खदाखदा हसले.

माझ्या हातातला चहा निवून गेला. सिनेमा कुठला ते मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

मग मी त्यांना त्या दोन ओळींबद्दल सांगितलं. नबीलालना मराठी वाचता येत नव्हतं, आमचा पेपर त्यांनी कधी हातात धरला नव्हता. त्यांचं हसू गेलं. त्यांनी मशीनवर कापड टाकलं, चपला घातल्या आणि म्हणाले, "चला. कुठं ऱ्हात्यात ते?"

उचगावला हत्तरकींच्या दारात आम्ही उतरलो तेव्हा दुपारचे चार वाजले असतील. बसम्मांनी मला ओळखलं. त्यांनी या म्हटलं नाही, पण दार उघडं ठेवलं. हत्तरकी आत लोखंडी खुर्चीवर बसले होते, बरेच वाळलेले. नबीलालनी बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. पंक्चर, शिरोली, मरणाचा डबा, लग्नाचा डबा. मी मान खाली घालून उभा होतो.

सांगून झालं तेव्हा हत्तरकींनी नबीलालना विचारलं, "म्हंजे त्या दिवशी मी जागा होतो?"

"जागं होतासा की आण्णा. चूक माझी हुती."

"पेपरात ते आलं, त्या सांच्याला मी परत जाऊन बघितला," हत्तरकी म्हणाले. "तिकीट काढून. तर आधी लगीन, मग मरण. माझं हातपायच गार पडलं. मला वाटलं, डोळा लागला आसंल. मी सपनात बघितलं आन् पेपरात लिवलं."

"आवो, मग कुणाला बोलायचं तरी," नबीलाल म्हणाले.

"काय बोलणार? लोकांचा वर्साचा माल माझ्या जिभंवर. शेजारची बाई रडत हुती, हे बी मला दिसल्यालं. ते बी सपनातलं म्हणायचं, तर जिभंवरची चव कशी खरी म्हणायची? दुसऱ्या दिवशी शेठला मीच सांगितलं, मला नंबरावरनं काढा, काट्यावर बसवा. शेठ न्हाई न्हाई म्हणत हुता."

बसम्मा आतून म्हणाल्या, "गुळाचा खडा सुदिक तोंडात घालंना झाल्यात सात वर्सं. चहा बिनगुळाचा पित्यात."

सात वर्षं मी समजत होतो की माणूस विकला गेला. शेठनं त्यांना काढलं असंही समजत होतो. त्या माणसानं मात्र मुंबईच्या समीक्षकांवर, टॉकीजवर, माझ्यावर, कुणावरच संशय घेतला नव्हता. आयुष्यभर पिवळ्या गुळावर डोळे वटारणाऱ्यानं सगळा संशय स्वतःवर घेतला होता. मी घाईघाईनं बोलायला लागलो. म्हटलं, उद्याच पहिल्या पानावर छापतो. चूक माझी होती, असं माझ्या नावानिशी छापतो. झुंबरबाईंच्या पोस्टकार्डाचंही सांगितलं.

"छापा की," ते म्हणाले. "शेठ आता न्हाई वाचाय. पर छापा."

बसम्मांनी चहा आणला. पहिला कप त्यांनी नबीलालना दिला, मग मला. हत्तरकी माझ्याकडे बघत होते. राग नव्हता त्यांच्या तोंडावर, तो असता तर बरं झालं असतं.

"जोतीरामराव, एक इचारू?" ते म्हणाले. "तुमच्या हापिसापास्नं आमचं दुकान दहा मिन्टांवर. तुमी आला असतासा, म्हटलं असतं, हत्तरकी, मी सिनेमा बघितला, आसं आसं दिसलं, तुमास्नी कसं दिसलं? तर दोघं मिळून ह्यांच्याकडं गेलो असतो. ह्यांनी तवाच सांगितलं असतं. का आला न्हाईसा?"

उत्तर माझ्याकडे होतं. तुम्ही खोटं बोलाल याची मला खात्री होती, म्हणून आलो नाही. पण त्यांच्याच घरात, त्यांच्या बायकोनं दिलेला कप हातात धरून, ते मला बोलता आलं नाही.