हसली की पडायची

सलूनवाल्याला सगळे गप्पीदास म्हणायचे, आणि त्यालाही ते आवडायचं. दोन खुर्च्यांचं दुकान, भिंतभर आरसा, वाट बघणाऱ्यांसाठी एक बाकडं. त्या बाकड्यावर निम्मी माणसं केस कापायला आलेली नसायचीच, नुसती ऐकायला आलेली असायची. हातात कात्री आणि तोंडात गोष्ट असली की तो राजा होता. गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा टेकवायचा आणि म्हणायचा, "आता हसायचं नाही हं. हसलात तर जबाबदारी तुमची."

त्याची एकुलती एक मुलगी घरभर गरगर फिरायची, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. बायको पलीकडच्या गल्लीतल्या लाँड्रीत इस्त्री करायची. त्यामुळे शाळा सुटली की भिंगरी थेट सलूनमध्ये यायची आणि बाकड्याच्या टोकाला बसून बापाच्या गोष्टी ऐकायची. तिच्याइतकं भरभरून हसणारं गिऱ्हाईक त्याला दुसरं मिळालं नव्हतं.

नऊ वर्षांची असताना एकदा ती हसता हसता उठली आणि गुडघ्यातून एकदम ढिली पडून जमिनीवर बसली. क्षणभर मान लटकली, मग पुन्हा ठीक. बाकड्यावरचे सगळे खो खो हसले. तोही हसला. गोष्ट ऐकून पोरगी अक्षरशः जमिनीवर लोळली, यापरतं गप्पीदासाला आणखी काय हवं होतं?

मग तो खेळच झाला. पाहुणे आले की तो म्हणायचा, "बघा हं, आमच्या भिंगरीला हसवून पाडतो." आणि पाडायचा. बायको म्हणायची, "अहो, पुरे आता, लागेल तिला." तो म्हणायचा, "अगं, नाटकी आहे ती. बापावर गेलीये."

त्याच सुमाराला तिच्या हातून सांडलवंड वाढली. ताटात वाढून घेताना आमटी ताटाबाहेर जायची. वहीतलं अक्षर, जे आधी मोत्यासारखं होतं, ते ओळ सोडून खाली घसरायला लागलं. घराचा जिना उतरताना ती भिंतीला धरून, पायाने पायरी चाचपत उतरायची. याचा मात्र गप्पीदासाला राग यायचा. "डोळे काय दप्तरात ठेवून आलीस?" असं तो दिवसातून दहादा म्हणायचा.

एका सकाळी ती त्याच्यासाठी गरम पाण्याचं भांडं घेऊन जिन्यावरून खाली येत होती. शेवटची पायरी चुकली. पाणी त्याच्या पायावर सांडलं, आणि पुढचा मागचा विचार न करता त्याने तिच्या कानाखाली एक ठेवून दिली.

"बाबा," ती गाल धरून म्हणाली, "पायरी कुठे आहे ते मला दिसतच नाही."

"निमित्तं सांगू नकोस. धांदरट कुठली!"

त्या दिवशी ती सलूनमध्ये आली नाही. दुसऱ्या दिवशी आली, हसली आणि पडली. त्याला वाटलं, झालं गेलं विसरली.

बायकोने तिला गल्लीतल्या डॉक्टरकडे नेलं. त्याने अशक्तपणा आहे म्हणून टॉनिक दिलं. शाळेतल्या बाईंनी निरोप पाठवला की मुलीचं लक्ष नाही, पाठ केलेलंही विसरते. गप्पीदास म्हणाला, "मी कुठे मोठा विद्वान होतो?" आणि विषय संपवला.

शेवटी व्हायचं ते झालं. एका रविवारी दुकान भरलेलं असताना त्याची गोष्ट रंगात आली, भिंगरी हसत उभी राहिली आणि कोसळली ती सरळ खुर्चीच्या लोखंडी पायठेवणीवर. भुवई फाटली. दाढीला लावलेला फेस तसाच ठेवून गिऱ्हाईकच तिला उचलायला धावलं.

मोठ्या हॉस्पिटलात टाके घालणारी डॉक्टरबाई शांत होती. टाके झाल्यावर तिने भिंगरीच्या डोळ्यांसमोर बोट धरलं. बोट डावी-उजवीकडे गेलं, डोळे बरोबर गेले. बोट खाली गेलं, तर डोळे जागीच राहिले आणि भिंगरीने सगळी मान खाली घातली. बाईने पुन्हा करून पाहिलं. मग पोट चाचपलं आणि बरगडीखाली डाव्या बाजूला, वाढलेल्या प्लीहेवर, तिचा हात थांबला.

"जन्मली तेव्हा कावीळ खूप दिवस होती का?"

"हो," बायको म्हणाली. "जाता जात नव्हती."

"आणि ही हसल्यावर कधी पडते का?"

गप्पीदासाचा चेहरा खुलला. जिथे तिथे सांगायची त्याची लाडकी गोष्ट होती ती. "पडते म्हणजे काय! अहो, मी नुसतं तोंड उघडायचा अवकाश. परवा पाहुण्यांसमोर तीनदा पाडली. सगळे पोट धरधरून..."

डॉक्टरबाई हसत नव्हती. तिने लिहायचंही थांबवलं होतं. त्याचं वाक्य अर्ध्यावर राहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला ते पुरं करावंसं वाटलं नाही.

रक्त तपासायला गेलं, कातडीचा तुकडा गेला, निकाल यायला बरेच आठवडे लागले. निकाल आला तेव्हा डॉक्टरबाईने दोघांना समोर बसवून समजावलं. शरीराच्या प्रत्येक पेशीत बाहेरून कोलेस्टेरॉल येतं. पेशीच्या आत एक छोटी पिशवी असते, तिथे ते सुटं होतं आणि मग जिथे हवं तिथे पाठवलं जातं. भिंगरीच्या पेशींत ते बाहेर काढून देणारं प्रथिन जन्मापासूनच बिघडलेलं होतं.

"तुमच्या दुकानातल्या बेसिनसारखं समजा," ती म्हणाली. "नळ चालू आहे, पण खालची जाळी केसांनी बुजलीये. आत साठत राहतं, आणि जिथे ते लागतं तिथे पोचत नाही. मेंदूच्या पेशींना हे सोसत नाही. तोल, नजर, बोलणं, स्मरण, एकेक करून जायला लागतं. हसल्यावर अंगातली ताकद जाणं हेही त्यातलंच."

बायको पुटपुटली, "मी तिला रोज पोळीला लोणी लावून द्यायची."

"लोण्याचा काही संबंध नाही. रक्तातलं कोलेस्टेरॉल तिचं ठीकच आहे. हा दोष जन्मतःच येतो, अर्धा आईकडून, अर्धा वडिलांकडून. एकच अर्धा असला तर त्रास होत नाही. दोन्ही अर्धे एकत्र आले की होतो."

"मी तिला पाडत होतो, त्याने वाढलं का?" गप्पीदासाने विचारलं.

"नाही. पडून लागलं असेल तेवढंच. आजार त्याने वाढत नाही."

"मी तिला मारलं होतं. पायरी चुकली म्हणून."

यावर डॉक्टरबाईने पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे सरकवला. तो वैद्यकाचा प्रश्न नव्हता.

त्यानंतर गप्पीदासाची जीभ टाळ्याला चिकटली ती चिकटलीच. दुकानात फक्त कात्रीचा आवाज. माणसं म्हणायची, "काय राव, मौनव्रत का?" तो मान हलवायचा. हळूहळू बाकडं रिकामं पडलं. घरी भिंगरी आली की तो लगेच उठून काही ना काही काम काढायचा. तोंड उघडलं तर ती हसेल, हसली तर पडेल, आणि न हसवता तिच्याशी बोलायचं कसं हे त्याला ठाऊकच नव्हतं. ती जिन्याजवळ दिसली की त्याला तो गाल दिसायचा.

एके दिवशी इस्त्रीचे कपडे घडी करता करता बायकोचा बांध फुटला. "किती दिवस तोंड शिवून बसणार आहात?"

"मी तिला धांदरट म्हणालो. ती खरं सांगत होती."

"आणि मी काय केलं? टॉनिक पाजत बसले. डॉक्टरबाई काय म्हणाली ऐकलंत ना? निम्मं माझ्याकडून आलंय. सगळा दोष एकटे कशाला घेऊन बसता? मला माझा वाटा द्या की!"

बोलताना तिला हसू फुटलं आणि लगेच रडू. तो तिच्या शेजारी जमिनीवर बसला. कितीतरी वेळ दोघं नुसती घड्या घालत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद करून तो भिंगरीजवळ गेला. तिचं बोलणं आता जरा जड झालं होतं, शब्द ओले होऊन आल्यासारखे.

"त्या दिवशी मी तुला मारलं," तो म्हणाला. "चूक माझी होती. तुला खरंच दिसत नव्हतं."

ती विचारात पडली. "मला वाटलं, मी धांदरटच आहे. मी रोज ठरवायची, आज काही सांडायचं नाही. तरी सांडायचं."

थप्पड विसरली असती तर बरं, असं त्याला वाटलं होतं. पण तिने थप्पड बाजूला ठेवली होती आणि शब्द मात्र खरा मानला होता. हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"तुम्ही रागावलात का माझ्यावर?" तिने विचारलं. "बोलत नाही म्हणून."

"नाही गं पोरी. तू पडशील म्हणून."

"मग धरा ना मला."

गोष्ट एवढी सोपी होती. त्याने गादी भिंतीला लावली, तिला मांडीत घेतलं, दोन्ही हातांनी कव घातली आणि पहिल्यांदाच अडखळत, एक जुनाट विनोद सांगितला. ती हसली. तिचं सगळं अंग त्याच्या हातांत सैल पडलं, मान खांद्यावर आली. ताकद परत येईपर्यंत त्याने तिला तसंच धरून ठेवलं. याआधी असं झालं की तो नेहमी प्रेक्षकांकडे बघायचा.

औषध सुरू झालं. त्याने आजार बरा झाला नाही, वेग कमी झाला. ते आधी मिळालं असतं तर, हा प्रश्न त्याने डॉक्टरबाईला दोनदा विचारला. दोन्ही वेळा ती प्रामाणिकपणे म्हणाली, "थोडा फरक पडला असता, किती ते सांगता येणार नाही." ते 'थोडा' त्याच्या छातीत जे रुतलं ते कधी निघालं नाही.

भिंगरी आता सतरा वर्षांची आहे. चाकाच्या खुर्चीत असते, थोडके शब्द बोलते, मऊ केलेलं खाते. घास श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून जेवताना हसवायचं नाही, अशी सक्त ताकीद आहे. म्हणून गप्पीदास तिला भरवताना तोंड घट्ट मिटून बसतो. हे तिला पक्कं ठाऊक आहे. परवा तिने घास गिळला, त्याच्या तोंडाकडे एकटक पाहिलं आणि त्याच्यासारखेच ओठ आवळून, गाल फुगवून दाखवले. इतके हुबेहूब की त्यालाच हसू आवरेना. चमचा हिंदकळला.

तिचे डोळे खाली जात नाहीत. "काय सांडलं?" तिने विचारलं.

"खिमट," तो म्हणाला. "माझ्या शर्टावर, खुर्चीवर, थोडं तुझ्या गुडघ्यावर."

"कुणी सांडलं?"

"मी," तो म्हणाला, आणि फडकं आणायला उठला.