ग्रह जळालेला नाही

मी निघालो तेव्हा कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या दारात अर्धी गल्ली उभी होती. आई पदर तोंडाला लावून रडत होती. वडिलांनी सगळ्यांसमोर तिला सुनावलं, "रडतीस काय? चंद्रावर चाललाय काय त्यो? एका दिवसाचा तर रस्ता हाय." वडील आता नाहीत, पण त्यांचा हिशोब बरोबर होता. मेलबर्नहून विमान, मग पुण्याहून गाडी, सगळं धरून एक दिवस आणि वर चार-पाच तास. बावीस वर्षांत हे अंतर एका किलोमीटरनंही वाढलेलं नाही.

तिकडे राहिलेल्यांना आणि माझ्यासारख्या इकडे आलेल्यांना हे आधीच सांगून ठेवतो. कारण आमच्याकडे सध्या उलटंच गायलं जातंय.

माझी मुलगी ऋचा सतरा वर्षांची आहे, गिटार वाजवते. तिच्या प्लेलिस्टमधल्या निम्म्या गाण्यांत अंतराळयानं, आकाशगंगा, नाहीतर ड्रॅगन असतात. त्याला माझी हरकत नाही. आमच्या वेळच्या गाण्यांतही चंद्रावर बंगले होते, ढगांत पऱ्यांचं राज्य होतं. पण ती माणसं चंद्रावरून संध्याकाळपर्यंत घरी यायची.

गणपतीत इथल्या मराठी मंडळात ऋचानं स्वतः रचलेलं गाणं म्हटलं. त्यातला अंतराळवीर दूरच्या ताऱ्यापाशी पोचतो, मागे वळून बघतो, तर त्याचा ग्रह जळून गेलेला. तो रेडिओवर विचारत राहतो, "कोणी आहे का तिथे?" उत्तर येत नाही. गाणं संपतं. सुरू करण्याआधी ती माईकवर म्हणाली होती, "हे बाबांच्या कोल्हापूरसाठी."

हॉलभर रुमाल निघाले. जयसिंगपूरचे एक डॉक्टर माझा हात धरून म्हणाले, "आपलंच दुःख मांडलं हो पोरीनं." माझं डोकं फिरलं. कसलं दुःख? जयसिंगपुरात यांचा सख्खा भाऊ रोज सकाळी दुकान उघडतो. हे त्याच्याकडे शेवटचे गेले त्याला सात वर्षं झाली.

घरी आल्यावर ऋचाला विचारलं, कोल्हापूर जळालं हे तुला कुणी सांगितलं? ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही सगळेच म्हणता ना, बाबा. 'आपलं ते कोल्हापूर आता राहिलं नाही.'"

खरं आहे. दर बार्बेक्यूला सॉसेज उलटता उलटता कोणीतरी हे वाक्य टाकतं आणि बाकीचे माना हलवतात. त्यात माझीही असते. पोरीनं फक्त त्या वाक्याला चाल लावली.

व्हिडिओ तिनंच आजीला पाठवला होता. दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला.

"गाणं झ्याक म्हटलंस बाळ," ती ऋचाला म्हणाली. "पर ग्रह जळाला म्हंजे वरची माणसंबी गेली की. मग आत्ता तुझ्याशी बोलतंय कोण?"

"आजी, ते सिम्बॉलिक आहे गं."

"असंल. पर त्यात मला मारलंस की."



दिवाळीच्या कार्यक्रमात मंडळाला पुन्हा तेच गाणं हवं होतं. मी अध्यक्षांना सांगितलं, शेवट बदलणार असेल तरच. ते म्हणाले, "शेवट बदलला तर माणसं रडणार कशी?" इतकं प्रामाणिक उत्तर मला इथे दुसऱ्या कोणी दिलेलं नाही. मेलेल्यासाठी रडणं एका संध्याकाळीत उरकतं. जिवंत माणसाकडे जावं लागतं, तेही पुन्हा पुन्हा.

शेवट ऋचानंच बदलला, मला न विचारता. अंतराळवीर विचारतो, "कोणी आहे का तिथे?" थोडी खरखर होते आणि स्पीकरमधून माझ्या आईचा, फोनवर रेकॉर्ड केलेला आवाज येतो:

"हाय की. जेवलास काय?"

या वेळी रुमाल निघाले नाहीत. दोन-तीन जण हसले. डॉक्टर खाली बघत होते.

घर म्हणजे काय यावर आपण घर सोडून आलेल्या लोकांनी फार गळे काढलेत. मी आता एवढंच धरतो, की हाक मारल्यावर जिथून उत्तर येतं ते घर. उत्तर यायचं थांबेल तेव्हा रडा की पोटभर. ते येत असताना त्याचं श्राद्ध घालू नका.

कार्यक्रम कसा झाला ते मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "टाळ्या पडल्या न्हवं? आता त्यातल्या कितीजणांनी घरला फोन लावला, तेवढं मोजून सांग."