‘ओलं इरलं’चे तेरावे रीळ

अक्षय्यतृतीयेनंतरचा रविवार, दुपारी तीनचा खेळ – घटना घडली.
त्यापुढचा मंगळवार – माझा तक्रारअर्ज, रजिस्टर टपालाने रवाना.
ज्येष्ठ संपता संपता – चित्रपटगृहाची तपासणी.
आषाढातला पहिला सोमवार – ऑपरेटर भिकोबा यांचा परवाना रद्द, नोकरी समाप्त.

जबाबदार व्यक्ती तीन. पहिले चित्रपटगृहाचे मालक. दुसरे परवाना अधिकारी. तिसरा मी, हे पत्र लिहिणारा.

संपादक महाशय, ‘इरलेवाल्या’च्या चारही चित्रपटांचा आपापला क्रम वाचकांनी लावून पाठवावा, असे आवाहन आपण केले आहे. माझा क्रम मी देतो. तो अपुरा का राहिला हे सांगण्यासाठीच हे पत्र लांबले आहे, आणि ते काटछाट न करता छापावे अशी विनंती आहे.

वडगावच्या दिवाणी न्यायालयात मी एकतीस वर्षे कारकुनी केली. शेवटची नऊ शिरस्तेदार म्हणून. देवळाच्या जमिनीवरून, भुताटकीच्या विहिरीवरून, करणीच्या संशयावरून झालेले तंटे माझ्या टेबलावरून गेले. प्रत्येकाच्या तळाशी माणूसच निघाला. त्यामुळे अमानवीय वगैरे शब्द मी पुरावा कमी पडलेल्या पक्षकाराची पळवाट समजत आलो. आजही समजू इच्छितो... पण ते जमत नाही.

इरलेवाल्याचे चित्रपट मात्र मला मनापासून आवडतात. ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो – पावसात शेतकरी डोक्यावरून पाठीवर घेतात ते पानांचे इरले. त्याच्या आड एक खुनी. तोंड दिसत नाही. लावणीच्या बायकांत, गुराख्यांत, पालखीच्या गर्दीत एक इरले जास्तीचे असते, आणि ते कोणते हे कळेपर्यंत कोयता पडलेला असतो. सत्तरीला टेकलेल्या माणसाला हे का आवडावे, असे माझी सून विचारते. 

गेल्या उन्हाळ्यात लोणावळ्याच्या बाजारामागच्या पत्र्याच्या चित्रपटगृहात चारही भाग लागोपाठच्या चार रविवारी पुन्हा लागले. मी आणि माझे स्नेही नाना, रेल्वेचे निवृत्त गार्ड, दोघांनी चारही वेळा एकच बाक धरला. हेतू हाच, की क्रम ठरवायचा.

पहिला भाग ‘इरल्याआड’ – याला मी निर्विवाद पहिला क्रमांक देतो. चार खून, पण एकही पडद्यावर दिसत नाही. दुसरा भाग ‘पुन्हा इरल्याआड’ हा शेवटचा. त्यात न्यायाधीश पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून दाखल करून घेतात! यावर नानांशी माझे कडाक्याचे भांडण झाले.

“अहो, घाटात सुटलेला डबा बघा ना!” नाना म्हणाले. “काय घेतलाय तो सीन!”

“पुरावा कायद्याचं कलम पंचवीस वाचा,” मी म्हणालो.

“तुम्ही वाचा. मी डबा बघतो. बावीस वर्षं घाटात झेंडी दाखवलीय मी, मला कलम नका शिकवू.”

तिसरा रविवार आला, तो ‘ओलं इरलं’चा.

या चित्रपटगृहात एकच यंत्र आहे. एक रीळ संपले की पडदा पांढरा होतो, दिवे लागतात, भिकोबा दुसरे रीळ चढवतात, लोक शिट्ट्या मारतात, मग दिवे जातात. संध्याकाळच्या लोकलला गर्दी व्हायच्या आत खेळ आटपावा म्हणून मालक अधूनमधून एखादे रीळ गाळतात. हा प्रेक्षकांचा उघड विश्वासघात आहे. म्हणून सुरुवातीला पडद्यावर येणारे प्रमाणपत्र मी पूर्ण वाचतो, त्यावरचा रिळांचा आकडा टिपतो आणि दर रिळाला एक सुपारी डाव्या खिशातून उजव्या खिशात टाकतो. आजवर तीन तक्रारी मी अशाच सिद्ध केल्या आहेत. त्या दिवशी प्रमाणपत्रावर आकडा होता बारा.

दहावे रीळ संपले. दिवे लागले. आमच्या पुढच्या बाकावर पवन मावळातले एक जोडपे होते – कोंडिबा आणि ठकूबाई. सकाळी बाजारात करवंदे विकून, रिकाम्या पाट्या पायांशी ठेवून बसले होते. नाना आणि कोंडिबा यांची खुनी कोण यावर पैज चालली होती.

“तो पाटील असणार,” नाना म्हणाले.

“न्हाई वो नाना. पाटलाला कुटं इरलं बांधता येतंय?” कोंडिबा म्हणाले. “त्याला इजार बांधता आली तरी लय झालं.”

ठकूबाई पदरात तोंड घालून हसल्या. दिवे गेले.

पुढचे रीळ मुके होते. संगीत नाही, पावसाचा आवाज नाही. डोक्यावरचे पत्रे उन्हाने तडतडत होते तेवढेच ऐकू येत होते. पडद्यावर एक भातखाचर, मागे डोंगराची सोंड, आणि खाचरात ओणवी झालेली सात इरली. लावणी चालू होती.

मागच्या बाकांवरून पोरे ओरडू लागली, “सातवं! सातवं बघा!” इरलेवाल्याच्या चित्रपटात लोक असेच ओरडतात. नानांनी माझ्या मांडीवर चापट मारली. पण दृश्य बदलेना. कॅमेरा हलेना. एक मिनिट, दोन मिनिटे – नुसती लावणी. हळूहळू ओरडणारेही गप्प झाले.

मग बांधावर कोणीतरी भाकरीची पाटी आणून ठेवली. एक बाई उठली, इरले उतरवून बांधाकडे गेली. मग दुसरी. तिसरी. त्यांचे चेहरे दिसत होते, आणि त्या नट्या नव्हत्या. नट्यांच्या पायांना असा चिखल लागत नाही. सहावी बाई उठली, तिने इरले काढले आणि आमच्याकडे तोंड केले.

पुढच्या बाकावर ठकूबाई उभ्या राहिल्या.

“ही मी हाय,” त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत... नुसते सांगितले.

“खाली बस गं,” कोंडिबा कुजबुजले. “लोक बगत्यात.”

“अवो, मी हाय ती. आन हे आपलं खालचं खाचर हाय. ती बगा आपली उंबराची फांदी.”

कोंडिबांनी पडद्याकडे पाहिले.  मग, “व्हय,” एवढेच म्हणाले.

पडद्यावर सहाही बायका बांधावर बसून भाकरी खात होत्या. सातवे इरले खाचरातच होते. ते लावत होते. मूठभर रोपे, चिखलात बोटे, पुन्हा रोपे... लावणी करणारा माणूस मागे मागे सरकतो, हे मावळात कोणाला सांगावे लागत नाही. ते इरलेही तसेच पाठीने सरकत होते. आमच्या दिशेने. दर पावलाला मोठे होत. बांधावरची एकही बाई त्याच्याकडे पाहत नव्हती. पानांच्या शिरा दिसू लागल्या. नानांनी माझे मनगट धरले होते, आणि ते सोडवून घ्यावे असे मला वाटले नाही. अखेर पडदाभर फक्त इरले उरले, चित्र काळे झाले, आणि पडदा पांढरा झाला.

दिवे लागले. कोणी शिट्टी मारली नाही.

ठकूबाई उभ्याच होत्या. मी पुढे वाकून विचारले, “मावशी, हे चित्रीकरण कधी झालं? कंपनीचे लोक आले होते का तुमच्या शेतावर?”

“शेत कुटं हाय आता, भाऊसाहेब? चार वर्सं झाली, धरनाच्या पान्याखाली गेलंय.”

“मग आधी झालं असेल. तेव्हाची फिल्म असेल.”

त्यांनी आपल्या उजव्या खांद्यावरचे ठिगळ मला दाखवले. अंगावरच्या लुगड्याला उभ्या धारीचा, वेगळ्या कापडाचा तुकडा होता. पडद्यावर इरले उतरवणाऱ्या बाईच्या खांद्यावर तोच तुकडा मी पाहिला होता. नानांनीही पाहिला होता.

“ह्ये मी परवा लावलंय,” त्या म्हणाल्या. “परवाच्या दिशी. दारात बसून.”

“आणि ती सातवी?” नानांनी विचारले.

“आमी सहाच असायचो लावनीला. पर हात बाईचाच हाय. रोप कसं सरळ लावलंय बगितलं न्हाई का? शिकल्याली बाई हाय ती.” त्या पाटीकडे वाकल्या. “आमच्यातलीच हाय कुनीतरी.”

एवढे बोलून त्यांनी पाटी उचलली आणि दोघे बाहेर पडले. चित्रपटाची उरलेली दोन रिळे झाली. खुनी पाटीलच निघाला. माझ्या उजव्या खिशात तेरा सुपाऱ्या होत्या.

आता माझा अपराध नमूद करतो. मंगळवारी मी जो अर्ज लिहिला त्यात एकच वाक्य सार म्हणून होते – ‘प्रमाणपत्रात नसलेले एक रीळ प्रेक्षकांना दाखविण्यात आले.’ बुडालेले शेत, परवाचे ठिगळ, यांतले काहीही मी लिहिले नाही. अर्ज हास्यास्पद ठरू नये, कायद्याच्या चौकटीत चोख बसावा, म्हणून जे चौकटीत बसत नव्हते ते मी कापून टाकले. एकतीस वर्षांची ती सवय. जो मालक रीळ गाळतो त्याच्यावर मी आयुष्यभर डाफरलो, आणि माझ्या स्वतःच्या हकिकतीतले नेमके तेच रीळ मी गाळले! त्यामुळे वाचणाऱ्याला एकच निष्कर्ष उरला. रीळ जास्त आहे ना? मग ते चढवणाऱ्यानेच आणले असणार.

भिकोबांकडे मी गेलो तो परवाना गेल्यानंतर. बावीस वर्षे ज्यांनी यंत्रापाशी काढली, ते आता फलाटावर चिक्कीची टोपली घेऊन, घाट चढायला लावलेले मागचे इंजिन सुटेपर्यंत गाडी थांबते तेवढ्यात खिडक्यांपाशी धावतात. मी म्हणालो, “भिकोबा, खरं सांगा. त्या दिवशी किती रिळं लावलीत?”

“डबे बारा उघडले, भाऊसाहेब.”

“मी तेरा मोजली.”

“मीबी तेराच मोजली.” टोपली खाली ठेवून ते म्हणाले, “दर रिळाला मी दारावर खडूची रेघ मारतो. न्हाईतर गडबडीत मागचं रीळ पुन्हा चढतं. खेळ संपल्यावर बघतो, तर रेघा तेरा. हात माझाच. पन अकरावं लावल्याचं मला ध्यानात हाय, त्याच्या आधी दहावं लावल्याचं हाय. मधी कायबी न्हाई. मी स्टुलावर बसलोबी न्हवतो.”

“मग ती एक रेघ पुसली का नाहीत? तपासणीला आले होते ना?”

“खोटं कशाला करायचं? त्या खेळाच्या रेघा तशाच ठिवल्या, पुढच्या खेळाला बाजूला मारल्या. त्यांनी इचारलं, या रेघा कसल्या? मी सांगितलं.”

असा साक्षीदार एकतीस वर्षांत मी दोनदाच पाहिला आहे. स्वतःविरुद्धचा पुरावा त्यांनी स्वतःच राखला, आणि मी, तक्रारदार, निम्मा लपवून बसलो.

दुसऱ्याच दिवशी मी सविस्तर पुरवणी अर्ज पाठवला. नानांची सही घेतली. पवन मावळात जाऊन कोंडिबा आणि ठकूबाई यांचे अंगठे घेतले. उत्तर आले, की प्रकरण निकाली निघाले असून तक्रार मागे घेता येत नाही. मालकांना भेटलो. ते म्हणाले, “शिरस्तेदार, तुम्हीच लिहिलंत, आता तुम्हीच रडता? वय झालंय, घरी बसा.” आदेशाची प्रत मी रीतसर मागवून घेतली. तिच्यातले दोन निष्कर्ष शब्दशः सांगतो. पहिला – बाराही रिळांची लांबी प्रमाणपत्राशी तंतोतंत जुळते. तेरावे रीळ अस्तित्वात असल्याचा कोणताही पुरावा नाही. दुसरा – सदर तेरावे रीळ दाखविल्याबद्दल ऑपरेटर दोषी आहे.

संपादक महाशय, हे एकाच कागदावर, एकाच सहीच्या वर आहे!

मी क्रम देतो. पहिला ‘इरल्याआड’, दुसरा चौथा भाग ‘इरल्याचा शेवट’, सर्वांत शेवटी ‘पुन्हा इरल्याआड’. ‘ओलं इरलं’ला मी क्रमांक देऊ शकत नाही, कारण त्या दुपारी मी कोणता चित्रपट पाहिला हे मला माहीत नाही. पाच महिने झाले; स्पष्टीकरण सापडले नाही, आणि सापडेल असे आता मी म्हणत नाही. ते मागण्याचा अधिकारही मला कोणत्या कायद्याने नाही.

परंतु आदेशाचे स्पष्टीकरण मागण्याचा आहे. परवाना अधिकारी आणि चित्रपटगृहाचे मालक यांनी याच स्तंभात, आपापल्या नावानिशी उत्तर द्यावे. ते रीळ होते काय? असेल, तर हजर करा. मी, नाना, कोंडिबा आणि ठकूबाई ते पाहायला येऊ – ठकूबाईंना मी विचारले आहे, त्या तयार आहेत. नसेल, तर जे नव्हतेच ते दाखविल्याबद्दल एका माणसाचे बावीस वर्षांचे काम कोणत्या नियमाने काढून घेतले, तो नियम छापा. आणि तसा नियम नसेल, तर भिकोबांचा परवाना परत करा. मला घरी टपालाने उत्तर पाठवू नये. मी ते उघडणार नाही. उत्तर सर्वांना वाचता येईल असे, छापील हवे.