छातीत दुखतंय

यशपाल शिवशरण तुरुंगात कंपाउंडर होता. जुळे सोलापुरातल्या त्याच्या सोसायटीत कुणी नवीन माणूस "कुठे असता?" म्हणाला की "आत असतो" असं सांगून तो समोरच्याची दांडी उडवायचा, आणि मग स्वतःच हसत बसायचा.

आतला दवाखाना म्हणजे एक खोली, काही खाटा आणि औषधांचं एक कपाट. डॉक्टरांची जागा रिकामीच होती. आठवड्यातून एखाद-दुसऱ्या सकाळी बाहेरून एक डॉक्टर यायचे, भराभर रांग संपवायचे आणि निघून जायचे. बाकी सगळा कारभार यशपालच्या गळ्यात. ताप, खरूज, जुलाब तो निभावून न्यायचा. त्यापलीकडचं काही असलं की मोठ्या दवाखान्यात धाडायचं, आणि घोडं तिथंच पेंड खायचं. कैदी फाटकाबाहेर काढायचा तर बरोबर पोलिसांची पार्टी लागते. ती मुख्यालयातून येते. आणि कैद्याच्या मूळव्याधीचं मुख्यालयाला काय पडलंय? सभा, मोर्चे, मिरवणुका, साहेब लोकांचे दौरे, एवढं सगळं उरकून माणसं शिल्लक राहिलीच तर पार्टी.

शेवटी यशपालनं त्यावर तोड काढली. मूळव्याध कळवली तर महिना महिना कुणी फिरकत नाही, पण छातीत दुखतंय म्हटलं की गाडी लगेच येते, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. कैदी आत मेला तर चौकशी लागते, आणि चौकशीला सगळेच टरकतात. तेव्हापासून हर्निया असो नाहीतर कानातला पू, यशपाल पेशंटला हळूच सांगायचा, "विचारलं तर छातीत दुखतंय म्हण. हात डावीकडं ठेव." खरं काय ते दवाखान्यात पोचल्यावर तिथल्या डॉक्टरला सांगायचं. कैदी त्याला दुवा द्यायचे. आपण चार लोकांच्या उपयोगी पडतोय याचं त्यालाही समाधान वाटायचं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. कुणाचा पाय वाचला होता, कुणाचा कान.

या शाळेत एकच माणूस बसला नाही. चनबसप्पा. अक्कलकोटकडचा म्हातारा, घरात कानडी, बाहेर मराठी. गावातल्या मारामारीत भावकीबरोबर याचंही नाव गोवलं गेलं आणि खटला उभा राहीपर्यंत बिचारा आत येऊन पडला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ताटातली भाकरी चाचपडून खायचा. यशपालनं त्यालाही पढवायला घेतलं, तर म्हाताऱ्यानं कानाला हात लावले.

"छाती चांगली हाय की माजी, साहेब. चांगल्या वस्तूला उगं वंगाळ कशाला बोलू?"

"आजोबा, बोलल्यानं काय होत नाही."

"तुमी डोळ्याचंच सांगा. येतील तवा येतील."

कोण येतंय! म्हातारा चाचपडत राहिला. यशपालला त्याचा भारी राग यायचा. हट्टी थेरडं, असं मनातल्या मनात म्हणायचा आणि नियमात बसत नसताना आपल्या डब्यातली शेंगाचटणी त्याच्या भाकरीवर घालायचा. जीव जडला होता, दुसरं काय.

जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरली आणि सगळे पोलीस तिकडं बंदोबस्ताला लागले. त्यातल्याच एका सकाळी चनबसप्पा भिंत धरून दवाखान्यात आला. एवढ्या थंडीत सदरा घामानं अंगाला चिकटलेला. खाटेवर टेकला आणि चोरी सापडल्यासारखा खाली मान घालून म्हणाला,

"साहेब, छातीत दुखतंय."

दुसरा कुणी पेशंट असता तर यशपाल 'खरं काय दुखतंय ते बोल' म्हणाला असता. याला विचारायचं कारणच नव्हतं. त्यानं म्हाताऱ्याच्या जिभेखाली गोळी ठेवली, ॲस्पिरिन चावायला लावली, त्याला आडवं केलं, ॲम्ब्युलन्स बोलावली आणि मुख्यालयाला फोन लावला.

"पार्टी पाहिजे, ताबडतोब. कैद्याच्या छातीत दुखतंय."

पलीकडचा हवालदार हसायलाच लागला. "काय शिवशरण, तुमच्याकडं छातीशिवाय दुसरं कायच दुखत न्हाय व्हय? मागचा छातीवाला दाढ काढून परत आला की!"

"अहो, हे खरं आहे!"

"रोज खरंच असतंय. आज गड्डा हाय. दुपारनंतर बघू."

यशपाल धावत जेलर साहेबांकडं गेला. पार्टी राहू द्या, आपलेच दोन शिपाई द्या म्हणाला. जेलर माणूस वाईट नव्हता. पण मागं असाच एक छातीवाला त्यांनी आपल्या शिपायांबरोबर धाडला होता, तो दवाखान्याच्या संडासातून पसार झाला आणि बिचारे शिपाई निलंबित झाले.

"मी वर बोलतो," जेलर म्हणाले. "पण पार्टीशिवाय फाटक उघडायचं म्हणजे... शिवशरण, खरं सांगा. हा तरी खरा आहे का?"

यशपालनं आईची शपथ घेतली. शपथ घ्यायची वेळ आली यातच सगळं आलं.

ॲम्ब्युलन्स येऊन फाटकाबाहेर उभी राहिली. तिचं इंजिन आत ऐकू येत होतं. चनबसप्पाचे डोळे गेले होते, कान नव्हते गेले.

"गाडी आली न्हवं?"

"आली. पोलीस येतायत आता."

"खोटं न्हाय न्हवं, साहेब?"

यशपालनं त्याचा हात घट्ट धरला. स्वतःची अशी शिसारी त्याला जन्मात आली नव्हती.

अखेर जेलरनीच मन घट्ट केलं आणि फाटक उघडायला सांगितलं. स्ट्रेचर आत आलं तेव्हा म्हातारा थंड होत चालला होता.

चौकशी झाली. यशपालवर बालंट आलं नाही. गोळी वेळेवर दिली होती, फोनही वेळेवर केला होता. सहकारी म्हणाले, सुटलास बाबा. कसला सुटला! त्याला जेवण जाईना.

प्रेत न्यायला म्हाताऱ्याची लेक निंगव्वा आली, तेव्हा तो आपणहून शवागारापाशी जाऊन उभा राहिला. कोण, कुठला ते सांगितलं. ती रडून रडून कोरडी झाली होती.

"दुकतंय म्हून कुनाला सांगितलं व्हतं का त्यांनी?" तिनं विचारलं. "बा लई सोसायचा. बोलायचा न्हाय."

"मला सांगितलं होतं."

"मग?"

यशपालनं सगळं सांगून टाकलं. लोकांना बाहेर काढायला आपणच छातीचं खोटं कसं पसरवलं, आणि खरं दुखलं तेव्हा कुणालाच कसं खरं वाटलं नाही, तेही. ती शिव्या देईल, निदान अंगावर धावून येईल, असं त्याला वाटत होतं. आली असती तर बरं झालं असतं.

"ती बाकीची समदी दवाखान्यात गेली?" तिनं विचारलं.

"गेली."

"बरी झाली?"

"बरीचशी."

"आन् माज्या बाला बी तसंच बोलायला सांगायचं व्हतं की डोळ्यासाठी. तवाच गेला असता."

"सांगितलं होतं, ताई. त्यांनी ऐकलं नाही."

निंगव्वानं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"मंग माजाच बा चुकला म्हना," ती म्हणाली आणि प्रेत ताब्यात घ्यायला आत गेली.